लुसिओची कारकीर्द तेविसाव्या मिनिटाला संपली नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्राझीलच्या दिग्गज फुटबॉलपटूंवरचा तुमच्या पुरवणीतला लेख काल वाचला. पेले, गरिंचा, रोमारिओ, रोनाल्डो यांना मिळालेल्या जागेबद्दल माझी तक्रार नाही, त्यांना ती मिळायलाच हवी. राग आला तो खालच्या चौकटीचा. बचावपटू लुसिओला चार ओळी, त्यातल्या दोन २००२च्या विश्वचषकातल्या इंग्लंडविरुद्धच्या चुकीवर, आणि उरलेल्या दोन तो उतारवयात गोव्याच्या संघात पैसे कमवायला आला यावर. एकशे पाच आंतरराष्ट्रीय सामने खेळलेल्या माणसाचा हा हिशेब मला पटलेला नाही.

ती चूक झाली, हे कोणीच नाकारत नाही. शिझुओकाला उपांत्यपूर्व सामन्यात इंग्लंडच्या हेस्कीचा पास लुसिओच्या मांडीवरून निसटला आणि मायकेल ओवेनने गोल केला. तेविसावं मिनिट. पण तुमच्या लेखकाने सामना तिथेच बंद केला का? रिवाल्डोने बरोबरी साधली, रोनाल्डिन्होच्या फ्री किकवर ब्राझील पुढे गेला आणि थोड्याच वेळात रोनाल्डिन्होलाच लाल कार्ड मिळालं. उरलेला अर्धा तास दहा जणांनी किल्ला लढवला. मग उपांत्य सामन्यात तुर्कस्तानविरुद्ध १-० आणि योकोहामाला अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्ध २-०. म्हणजे ओवेनच्या त्या गोलनंतर त्या विश्वचषकात ब्राझीलवर एकही गोल झाला नाही. लुसिओ सातही सामने खेळला आणि तेव्हा चोवीस वर्षांचा होता. एवढी मोठी चूक केल्यावर त्या वयात पुढचे सामने असे खेळून दाखवणं किती अवघड असतं, ते बचावात खेळलेल्या कोणालाही विचारा.

त्याआधीच्या महिन्यात काय झालं होतं तेही लेखात नाही. लुसिओ तेव्हा ज्या जर्मन क्लबकडून खेळायचा, त्या लेव्हरकुसेनची लीग एका गुणाने गेली, जर्मन चषकाचा अंतिम सामना गेला आणि ग्लासगोला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामनाही रेआल माद्रिदकडे गेला. त्या सामन्यातला झिदानचा गोल सगळ्यांना पाठ आहे. लेव्हरकुसेनचा एकमेव गोल हेडरने लुसिओने केला होता, तो कोणाच्या लक्षात नाही.

२००६च्या विश्वचषकात हा माणूस ३८६ मिनिटं एकही फाऊल न करता खेळला. पहिले चारही सामने पूर्ण आणि पाचव्यातली सव्वीस मिनिटं. बचावपटूने फाऊल न करणं म्हणजे अंग चोरणं नव्हे. चेंडू कुठे येणार ते आधी ओळखून तिथे पोहोचलं, तर मागून पाय घालायची वेळच येत नाही. ही गोष्ट चौकटीत एका ओळीत मावली असती.

२००९ला प्रशिक्षक व्हॅन गालने बायर्न म्युनिकमधून त्याला मोकळं केलं आणि तो इटलीच्या इंटर मिलानकडे गेला. पुढच्याच वर्षी माद्रिदला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला. समोर तेच बायर्न, त्यांच्या बाकावर तेच व्हॅन गाल, आणि इंटरच्या बचावात लुसिओ. इंटर २-०ने जिंकला. दोन्ही गोल मिलितोचे, म्हणून फोटोही त्याचेच छापून आले. बायर्नला त्या रात्री एकही गोल करता आला नाही, ते कोणामुळे?

आता गोव्याचं. २०१५ला आम्ही पेठेतली मंडळी आजरा-आंबोलीमार्गे गोव्यातल्या फातोर्डा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगमधल्या एफसी गोवाचा सामना बघायला गेलो होतो. खरं सांगायचं तर गाडीत सगळी चर्चा ब्राझीलच्याच जुन्या दिग्गज झिकोची, कारण गोव्याचा प्रशिक्षक तो होता. मी तरुणपणी शाहू स्टेडियमवर स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू म्हणून खेळलो आहे, त्यामुळे माझी नजर मागेच जाते. लुसिओ तेव्हा सदतीस वर्षांचा. वेग कमी झालेला दिसत होता. पण चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असतानाही हा माणूस उभा राहत नव्हता. हात करून एकाला आत बोलवायचा, दुसऱ्याला चार पावलं पुढे काढायचा, सारखा ओरडत असायचा. काय ओरडतोय ते आम्हाला कळत नव्हतं, हात मात्र कळत होता. माझ्यासोबत आलेला पेठेतला एक पोरगा, आमच्याच संघाचा स्टॉपर, मध्यंतरात चहालाही उठला नाही. परतीच्या वाटेवर आंबोलीपर्यंत तो त्याच हातांबद्दल बोलत होता. पुढच्या मोसमात पोराचा खेळ बदललेला आम्ही डोळ्यांनी पाहिला. नुसते पैसे न्यायला आलेला माणूस सदतिसाव्या वर्षी असा खेळत नाही, संपादक महाशय.

त्या मोसमात गोवा साखळीत पहिला आला. २० डिसेंबरच्या अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-१ने पुढे होता. मग गोलरक्षक कट्टीमनीचा स्वयंगोल आणि भरपाई वेळेत मेंडोझाचा गोल. चेन्नईयन ३-२ने जिंकलं. चेन्नईचा कर्णधार ब्राझीलचाच एलानो होता. २००९च्या कॉन्फेडरेशन्स कपच्या अंतिम सामन्यात त्याच एलानोच्या कॉर्नरवर लुसिओने अमेरिकेविरुद्ध विजयी हेडर मारला होता. मध्यंतराला ०-२ने मागे पडलेला ब्राझील ३-२ने जिंकला, आणि कर्णधार लुसिओ. गोव्याबद्दल लिहायचंच होतं तर हे लिहायला हवं होतं. पुढच्या वर्षी गोवा तळाला गेला, हे मी लपवत नाही. पण एक वर्ष तळाचं म्हणून आधीचं सगळं पुसायचं?

हे सगळं मनाला लागण्याचं कारण घराजवळचं आहे. शाहू स्टेडियमवरच्या सामन्यांच्या तुमच्या बातम्या मी वर्षानुवर्षं वाचतो. गोल कोणी केले, कितव्या मिनिटाला केले, पास कोणी दिला, सगळं येतं. बचावपटूचं नाव कधी येतं? स्वयंगोल झाला की, नाहीतर लाल कार्ड मिळालं की. संघाने एकही गोल खाल्ला नाही, तर बचावातल्या त्या चौघांची नावं मी तुमच्या पानावर अजून वाचलेली नाहीत. सरावाला येणाऱ्या पोरांना मागे खेळ म्हटलं की तोंड वाकडं होतं. का होणार नाही? घरच्यांना दाखवायला कात्रण मिळतं ते फॉरवर्डला.

आणि लिहायला बसलोच आहे म्हणून हेही सांगतो. हल्ली आमच्या सामन्यांचा निकाल एक दिवस उशिरा येतो आणि तोही जाहिरातीच्या खाली दाबलेला. युरोपातल्या मध्यरात्रीच्या सामन्याचा निकाल सकाळच्या अंकात येऊ शकतो, तर चार किलोमीटरवरच्या संध्याकाळच्या सामन्याला काय अडचण आहे?

पुरवणीत लुसिओबद्दल चार ओळी पुन्हा छापाव्यात, यावेळी पूर्ण माहितीसह. आणि पुढच्या मोसमापासून स्थानिक सामन्यांच्या बातमीत दोन्ही संघांचे अकराच्या अकरा खेळाडू नावानिशी द्यावेत. फार तर तीन ओळी जास्त लागतील.

आपला,
एक जुना स्टॉपर, मंगळवार पेठ, कोल्हापूर