‘खुकरी’ची जलसमाधी अभंग राहावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१९७१ च्या युद्धात बुडालेली आपली युद्धनौका ‘आयएनएस खुकरी’ आणि तिचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यावर पदरचे पैसे घालून प्रेरणादायी पुस्तक काढणाऱ्यांसाठी हे पत्र आहे. अशा पुस्तकाला प्रकाशन संस्थेचा संपादक नसतो, त्यामुळे तपासणीचा सगळा भार लेखकावरच येतो.

पहिली चूक मुखपृष्ठावरच्या छायाचित्रात होते. दीवला आपण आत जाऊन पाहतो ती नौका १९७१ ची खुकरी नव्हे. ती त्याच नावाची नंतरची नौका आहे. माझगाव डॉकमध्ये बांधलेली ही नौका १९८९ ते २०२१ सेवेत होती आणि २०२२ मध्ये स्मारकासाठी दीवला मिळाली. बुडालेली खुकरी ब्रिटिश बांधणीची फ्रिगेट होती. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’च्या टॉर्पेडोने ती दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले.

या १९४ जणांची यादी छापायची असेल, तर नावे इंग्रजी स्पेलिंगवरून अंदाजाने उतरवू नयेत. ‘काळे’ की ‘काले’, ‘राणे’ की ‘राने’, हे इंग्रजी अक्षरांवरून कळत नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरे हमखास तुटतात. म्हणून अंतिम प्रूफ एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने मूळ यादीवर बोट ठेवून ऐकावे. कॅप्टन मुल्लांच्या तोंडी स्वतः रचलेली वाक्ये अवतरणचिन्हांत घालू नयेत. वाचलेल्या नौसैनिकांनी जे सांगितले, तेवढेच त्यांच्या हवाल्याने द्यावे.

पण मोठी उणीव वेगळीच आहे. नौका बुडाली की पुस्तक संपते. ती आज १९४ जणांची समाधी आहे आणि त्या समाधीला कायद्याचा आधार किती तोकडा आहे, याबद्दल चार ओळीही नसतात. आपल्या १९५८ च्या पुरातत्त्व कायद्याची अट १०० वर्षांची आहे. पाण्याखालील वारशासाठीच्या युनेस्कोच्या २००१ च्या कराराचीही तीच. म्हणजे खुकरी २०७१ पर्यंत दोन्हींच्या बाहेर. शिवाय ४० मैल म्हणजे आपल्या १२ मैलांच्या प्रादेशिक समुद्राच्या आणि २४ मैलांच्या लगतच्या पट्ट्याच्याही पलीकडे. तिथे आपले हक्क मुख्यतः मासे, खनिजे अशा संपत्तीपुरते आहेत. युद्धनौका बुडाली तरी सरकारच्याच मालकीची राहते हे खरे, पण ब्रिटनच्या १९८६ च्या कायद्यासारखा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. त्या कायद्यात नौकांची नावे घालून संरक्षण देता येते: काहींजवळ पाणबुड्याने पाहावे पण हात लावू नये, काहींजवळ परवान्याशिवाय बुडीच मारू नये.

ही भीती काल्पनिक नाही. जावा समुद्रात १९४२ साली बुडालेल्या ‘डी राउटर’ आणि ‘जावा’ या डच क्रूझर २०१६ च्या पाहणीत जागेवर नव्हत्याच. तळावर फक्त खड्डा उरला होता. भंगारचोर क्रेनची बार्ज वर नांगरतात आणि पंज्याने सांगाडा फोडून उचलतात. त्यांना नौका ढकलणाऱ्या पंख्याचे (प्रोपेलरचे) ब्राँझ, तांब्याच्या केबल, पितळी नळ्या हव्या असतात. अस्थी त्या पंज्यातच चिरडल्या जातात.

अभंग ठेवणे म्हणजे काहीच न करणे, असेही नाही. गंजलेल्या टाकीतून इंधन गळू लागले, तर बाहेरून पत्र्यावर झडप बसवतात, तिच्यातूनच भोक पाडून तेल उपसतात आणि झडप बंद करतात. ब्रिटनच्या ‘रॉयल ओक’ या बुडालेल्या युद्धनौकेवर असेच केले, आत कुणी शिरले नाही. नौकेचे ठिकाण सागरी नकाशावर असावे, म्हणजे ट्रॉलर जाळे ओढताना ते टाळतील. प्रेरणादायी पुस्तकात मात्र अक्षांश-रेखांशाची गरज नाही.

तेव्हा पुस्तकात शेवटी दोन पाने या विषयाला द्यावीत आणि १०० वर्षांची अट नसलेला कायदा आपल्या खासदारांकडे मागावा. आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक मोफत मिळतो. छापील आणि ई-आवृत्तीला वेगवेगळा घ्यावा. प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकाता, चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवणे १९५४ च्या कायद्याने बंधनकारक आहे. पाचवी प्रत सयाजीराव महाराजांनी उभारलेल्या आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयात द्यावी.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे