खांदा अडकून जन्मलेल्या बाळांच्या उपचारासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

प्रसूतीत कधी कधी बाळाचे डोके बाहेर येते, परंतु खांदा आईच्या जघनास्थीमागे, म्हणजे ओटीपोटाच्या खाली पुढच्या बाजूला असलेल्या हाडामागे, अडकून राहतो. प्राणवायूअभावी मेंदूला इजा होऊ नये म्हणून बाळाला काही मिनिटांत सोडवावे लागते, आणि त्या वेळी मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या तर तो हात लुळा पडतो. केसपेपरवर ‘अर्ब्ज पाल्सी’ असे लिहून येते. वस्तीत मात्र ‘हात उतरला’ म्हणतात आणि मालीशवाल्या मावशींना बोलावतात. मावशींनी हात ओढू नये, एवढी विनंती येथेच करून ठेवतो. मातेचा मधुमेह व बाळाचे जास्त वजन यांमुळे खांदा अडकण्याचा धोका वाढत असला, तरी खांदा अडकलेल्या बाळांपैकी जवळपास निम्मी ४ किलोंहून कमी वजनाची असतात. म्हणून कोणाला दोष देण्यासाठी हे पत्र नाही.

बहुतेक बाळांचा हात नियमित व्यायामाने सुधारतो. मात्र ३ महिन्यांपर्यंत बाळ कोपर वाकवू लागले नाही, तर शस्त्रक्रियेची गरज आहे का हे तज्ज्ञांना वेळीच दाखवावे लागते. महापालिकेच्या सायन व परळ येथील रुग्णालयांत व्यायामोपचाराची सोय अल्प खर्चात आहे. अडचण आहे ती तिथवर पोहोचण्याची. मानखुर्दहून निघालेल्या, टाके अजून ओले असलेल्या बाळंतिणीने कुर्ल्याला गाडी बदलायची, पूल चढायचा आणि सोबत येणाऱ्याने त्या दिवसाची मजुरी सोडायची, हे आठवड्यामागून आठवडे निभत नाही. त्यात सव्वा महिना बाळाला घराबाहेर काढायचे नाही, हा घरोघरीचा नियम. तो मोडायला सासूबाईंना राजी करण्यातच आमच्या कार्यकर्त्यांचा निम्मा वेळ जातो.

म्हणून आमचे महिला मंडळ या कुटुंबांसाठी रिक्षा-टॅक्सीचे भाडे आणि बुडालेल्या मजुरीची काही भरपाई देऊ इच्छिते. आपण एका बाळाच्या एका फेरीचा खर्च उचललात तरी पुरे. देणगी रोख किंवा धनादेशाने मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी स्वीकारली जाईल व पावती दिली जाईल.

पैसे देणे शक्य नसेल, तर आठवड्यातून एक सकाळ सोबतीला या. जिन्यावर बाळ आईजवळच असू द्यावे, पिशवी आपण घ्यावी. आणि तपासणीनंतर झबले घालताना दुखरा हात आधी बाहीत घालावा, काढताना तो शेवटी काढावा.

आपल्या नम्र,
महिला मंडळाच्या कार्यकारिणी सदस्या,
मानखुर्द, मुंबई