मागची बाजू विकायची नाही

ती. बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

बाबा, ग्वाल्हेरच्या आपल्या घराची मागची बाजू विकून मला इथे इंदूरला फ्लॅटसाठी पैसे द्यायचे, हा विषय फोनवर निघाला की तुम्ही "बरं, बघू" म्हणता आणि फोन आईच्या हातात जातो. मग आई, तू गोलूने डब्यातली भाजी संपवली का ते विचारतेस आणि मूळ गोष्ट राहूनच जाते. म्हणून लिहायला बसले. बाबा, हे आईला मोठ्याने वाचून दाखवायचं आणि मधला मजकूर गाळायचा नाही. तुमची ती सवय मला माहीत आहे.

आधी जे झालंय ते सांगून टाकते. निपानियाचा तो नवा फ्लॅट मी घेत नाहीये. बिल्डरच्या माणसाला तसं कळवलं. आत्ता राहतोय त्याच घराचा करार 1 डिसेंबरपासून पुढे वाढवला, सह्याही झाल्या. तेव्हा मागची बाजू विकायला आता काही कारण उरलेलं नाही. दालबाजारवाले ते गृहस्थ पुन्हा आले तर त्यांना चहा द्या आणि नाही म्हणून सांगा. बयाणा घेतलेला नाही ना? घेतला असेल तर याच आठवड्यात परत करा आणि परत मिळाल्याचं लेखी घ्या.

रागावलात ना? रागवा, पण हिशेब बघा. महालेखापालांच्या ए.जी. ऑफिसात अख्खी नोकरी दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली, आता माझाही तपासा. फ्लॅट 65 लाखांचा. तुमचे 15 लाख धरले तरी कर्ज 50 लाखांचं. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी हप्ता बसतो महिन्याला 43,400 च्या जवळपास. फिटेपर्यंत 1 कोटी 4 लाख भरलेले असतील, म्हणजे व्याजच मुद्दलाहून जास्त. रजिस्ट्री, पंखे, स्वयंपाकघरातली कपाटं हे सगळं वेगळं. शेवटचा हप्ता जाईल तेव्हा मी एकसष्टची असेन. आज भाडं 18,000 आणि मेंटेनन्स 2,500. दर करारात पाच टक्के वाढतात, तेही धरा. तरी महिन्याच्या महिन्याला 15,000 बाजूला पडतात. भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, असं तुम्ही म्हणणार. मग व्याज कुठे जातं, बाबा?

शिवाय आमचं ऑफिस सुपर कॉरिडॉरला हलवायचं घाटतंय. ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मेट्रो 2025 च्या मेअखेर सुरू झाली खरी, पण ती सुरू झाली तिकडेच, सहाएक किलोमीटर, आमच्या बाजूला कधी येईल तेव्हा येईल. भाड्याच्या घरातून बाडबिस्तरा उचलून तिकडे जाता येतं. गोलूची शाळाही पाचवीनंतर बदलायचीच आहे.

पण तुमच्या मनात पैसा नाहीये, हे मला कळतं. उद्या पुन्हा कुणी मला दार दाखवेल, याची तुम्हाला धास्ती आहे. त्या जानेवारीत माझी पहाटेची गाडी दुपारी पोचली, तुम्ही तोवर धुक्यात फलाटावर बसून होतात आणि घरी येईपर्यंत एकही प्रश्न विचारला नाहीत. तेव्हापासून "हिच्या नावावर चार भिंती" हे तुम्ही घेऊन बसलात. बाबा, त्या घरात माझी कुठे सही नव्हती. इथे करारावर माझी सही आहे, दोन महिन्यांची नोटीस त्यात लिहिलेली आहे, पोलीस ठाण्यात माझ्या नावाने माहिती दिलेली आहे आणि भाडं माझ्या खात्यातून जातं. करार अकरा महिन्यांचाच का, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा 1908 च्या नोंदणी कायद्याने रजिस्टर करावा लागतो. तो खर्च आणि ती धावपळ टाळायला सगळेच अकराचा करतात, एकटी बाई बघून नाही.

सगळं गोड गोड आहे, असं मात्र सांगणार नाही. इथे आठ टॉवर आहेत आणि आपल्या गल्लीत जितकी माणसं असतील तितकी एकेका टॉवरमध्ये. मालक आणि भाडेकरू यांच्या गाड्यांच्या स्टिकरचा रंगसुद्धा वेगळा. सोसायटीच्या मीटिंगला बसता येतं, मत देता येत नाही. मालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निराळा. टाकी कधी धुणार ते आधी तिथे येतं, मग कुणाला तरी दया आली की आमच्याकडे. गणपतीची वर्गणी तेवढी सगळ्यांना सारखी, त्या वेळी कुणी भाडेकरू नसतं! घर शोधत हिंडत होते तेव्हा एका मालकाने "मिस्टर कहाँ रहते हैं" हे फिरून फिरून विचारलं आणि मग त्यांचं घर "फॅमिलीलाच" द्यायचं ठरलं. गोलू माझं बोट धरून उभा होता. तेव्हा सांगितलं नाही, आता जुनं झालं म्हणून सांगते. उगाच मनाला लावून घेऊ नका.

सध्याचे मालक बडोद्याला असतात, माणूस बरा आहे. नळ गळला तर प्लंबरचे पैसे भाड्यातून वळते करा म्हणतात. अट एकच, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे तात्यांचा फोटो पुस्तकांच्या कपाटावर टेकवून ठेवलाय, हार घालायला उलट सोयीचं पडतं. देव पूर्वेलाच आहेत, आई.

पाण्याचं तू विचारशीलच. शहरात नर्मदा 1978 पासून आहे, पण आमच्या आवारात तिची लाइन नाही. बोरिंग, आणि उन्हाळ्यात वर टँकर. पाणी इतकं जड की नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. रविवारी लिंबाची फोड घासून तो खरवडते, तर चुन्यासारखी पूड बोटांना लागते आणि खालून पितळ लखलखीत निघतं. या पाण्यात डाळ शिजत नाही, म्हणून डाळीला फिल्टरचं पाणी. केस गळतात अशी इथल्या सगळ्या बायकांची तक्रार आहे. माझे तुझ्यावर गेलेत, टिकून आहेत. पण पाणी चोवीस तास असतं. तिघरा धरणाचं पाणी एक दिवसाआड येणार म्हणून तुझ्यासारखं पहाटे उठून पिंपं भरावी लागत नाहीत. लाइट गेले तर लिफ्ट जनरेटरवर चालते, सात मजले चढावे लागत नाहीत. कचऱ्याचे मात्र सहा भाग करावे लागतात, ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा. 2017 पासून स्वच्छतेत इंदूरचं नाव पहिल्या नंबरावर उगाच नाही. मी चुकून रिमोटचे सेल सुक्यात टाकले तर गोलू माझ्यावर असा डाफरतो की मला तुम्हीच आठवता, बाबा.

समोरच्या फ्लॅटमध्ये रामबागेतून आलेल्या एक काकू आहेत. त्याही भाड्यानेच, मुलगा-सुनेबरोबर. गोलू शाळेतून आला की माझ्या येण्यापर्यंत त्यांच्याकडे असतो, आमची एक किल्ली त्यांच्याकडे आणि त्यांची आमच्याकडे. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला त्या मला ओढून नेतात. आई, तुला त्या आवडतील. बोलतात फार, पण तूही काही कमी नाहीस.

तर मी इथे सुखात आहे. दर महिन्याला भाडं दिल्यावर जो दचका बसेल असं तुम्हाला वाटतं, तो बसत नाही.

आणि मागची बाजू! तिथे तात्यांची शिकवणी चालायची ती ओसरी, आणि वर ती गच्ची. उन्हाळ्यात संध्याकाळी तुम्ही गच्चीवर बादल्या ओतायचात, दगडी पटिया चर्रर्र करायच्या, वाफ उठायची, आणि दादा आणि मी त्यातच अनवाणी उड्या मारायचो. "बबे, पाय भाजतील" म्हणून तुम्ही ओरडायचात आणि पुढची बादली आमच्याच पायांवर ओतायचात. मग ओल्या चादरी, आईचं पंख्याने वारा घालणं आणि तुमची ती न संपणारी राजाची गोष्ट. ती गच्ची विकून मी इथे सातव्या मजल्यावर चार बाय आठची बाल्कनी घेऊ? आणि कुमुदआत्या काय म्हणेल, तिच्या वेळी काय झालं होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता दुसरं. हेही ठरलंय, तेव्हा वाद नको. बाजूला पडलेल्या पैशांतून बाहेरच्या खोलीला लागून संडास-बाथरूम बांधायचं. दादाचं पुण्याहून मिस्त्रीशी बोलणं झालंय, तो सोमवारी माप घ्यायला येईल. कमोडच बसवायचा. दोन्ही बाजूंना स्टीलचे दांडे, फरशी खरखरीत, दिव्याचं बटण पलंगावरून हात पोचेल असं. जानेवारीच्या रात्री चौक ओलांडून जायचं हे आता बंद. आई गेल्या थंडीत तिथेच घसरली, हे तुम्ही दोघांनी लपवलंत आणि दादाला शेजारून कळलं. आम्ही त्यावर काही बोललो नाही, पण माहीत आहे.

मुलीचे पैसे घेणार नाही, असं बाबा म्हणतील. बाबा, मागची बाजू विकून सगळं मलाच द्यायला निघाला होतात ना? मग ती माझी झाली. आणि माझ्या घराच्या डागडुजीला मी पैसे घातले तर तुम्ही अडवणारे कोण?

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन याच महिन्यात करून घ्या. मोतीबिंदू पिकू द्यावा लागतो, हे जुनं झालं, आता कुणी तसं थांबत नाही. कडक झाला की उलट काढायला अवघड जातो. थेंब वेळच्या वेळी घालायचे, त्याचं वेळापत्रक करून आईजवळ द्या, तुमच्याजवळ नको. आई, साखरेची गोळी जेवणाबरोबर, उपासाच्या दिवशी डॉक्टरांना विचारून, स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. आणि एक अगदी कडक सूचना, दार-खिडकी लावून खोलीत शेगडी ठेवायची नाही. कोळशाचा गॅस दिसत नाही, वास येत नाही, आणि झोपेतच माणूस जातो. ग्वाल्हेरची थंडी मला माहीत आहे, पण हीटर आणून दिलाय तो कपाटावर ठेवायला नाही. बिजलीचं बिल दादा भरतो.

इकडे कधी येता? डिसेंबरातल्या तानसेन संगीत समारोहाआधी बाबा हलणार नाहीत, तिथली ढोलीबुवांची हरिकथा चुकवणं शक्यच नाही. त्यानंतर धुक्याने गाड्या रखडतात. तेव्हा संक्रांत झाली, धुकं ओसरलं की या, आणि चांगलं होळीपर्यंत राहा. तुमच्यासाठी आतली खोली रिकामी करते, त्या बाथरूमला कमोड आणि गीझर आहे. बाल्कनीत अकरापर्यंत ऊन असतं, खाली बागेत पाठ टेकायची बाकं आहेत, नईदुनिया सकाळी दारात पडतो. इथली थंडी तुम्हाला थंडी वाटणारच नाही. रात्रीच्या गाडीची तिकिटं मी काढते, खालचे दोन्ही बर्थ. तुम्ही फक्त तारीख सांगा, आणि "बरं, बघू" म्हणू नका.

गोलू आजोबांना पत्र लिहिणार होता, त्याने वाघाचं चित्र काढलंय. सोबत पाठवते.

तुमची,
बबी

ता.क. गेटवर नवीन माणसाचा फोटो काढतात, तो काढू द्यायचा. बाबा, मागच्या वेळी चौकीदाराला "मैं किरायेदार का बाप हूँ" म्हणून जे सुनावलंत, ते तो अजून मला ऐकवतो. येताना दोघांची आधार कार्डं, आईच्या रिपोर्टची फाइल आणि गजक आणा. गुळाचीच, साखरेची गोलू खात नाही.