टेबलांवरच्या फुलांसाठी आभारपत्र

आदरणीय मावशींना,
सादर नमस्कार.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात जेवणाच्या टेबलांवर जी फुले मांडली होती, त्यांची चौकशी लग्न होऊन गेले तरी थांबलेली नाही. लातूरच्या आत्या, परभणीचे व्याही, मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक आणि फोटो काढायला आलेला मुलगासुद्धा 'हे कुणाला सांगितले होते?' असे विचारून गेले, आणि प्रत्येकाला आमच्याकडून एकच उत्तर मिळाले की हे घरच्या घरी केले आहे. उत्तर खोटे नाही. मात्र अंबाजोगाईत योगेश्वरी देवीच्या मंदिराच्या वाटेवर फुले विकणाऱ्या तुमचा हात लागला नसता, तर घरच्या घरी काही जमले नसते, ही गोष्ट त्या उत्तरात येत नाही. ती चारचौघांत सांगितली जावी म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. तुमची नात ते तुम्हाला मोबाइलवरून वाचून दाखवीलच.

आमच्याकडे पूर्वी पंगत बसे, ताटाभोवती रांगोळी निघे आणि मध्ये उदबत्त्या लागल्या की सजावट पुरी होई. आता गोल टेबले आली, त्यांवर पांढरी चादर आली, आणि त्या चादरीच्या मधोमध काहीतरी असावेच लागते. सजावट करणाऱ्या एका मंडळींनी आम्हाला जो नमुना दाखवला, त्यात हिरव्या फोमच्या विटेत खोचलेले जरबेरा आणि कार्नेशन होते. फुले पुण्याकडच्या तळेगाव-मावळ भागातल्या पॉलिहाऊसमधून खोक्यांत बंद होऊन रात्रभराचा प्रवास करून येणार होती, आणि 24 टेबलांचा दर ऐकल्यावर वडिलांनी काही न बोलता चष्मा काढून पुसायला घेतला. तेव्हा आम्ही बहिणींनी आणि वहिनींनी हे काम अंगावर घ्यायचे ठरवले आणि नुसता भाव काढावा म्हणून तुमच्याकडे आलो.

तुम्ही भाव सांगितलाच नाही. पाहुणे किती वाजता जेवायला बसणार, फुले रात्री कुठे राहणार, आणि कार्यालयातले पंखे टेबलांच्या थेट वर आहेत की बाजूला, हे तुम्ही आधी विचारले. रंगाचा प्रश्न सर्वांत शेवटी आला, तोही शालूचा रंग ऐकून घेण्यापुरता. आम्ही मोबाइलवर साठवलेली चित्रे तुमच्यापुढे धरली, तेव्हा तुम्ही ती एकेक करून नीट पाहिलीत आणि म्हणालात, 'फोटो काढूस्तोवर टिकलेली फुलं हायेत ही.' त्यानंतर आम्ही ती चित्रे पुन्हा उघडली नाहीत.

विकणाऱ्याने जो माल विकला नाही, त्याबद्दल त्याचे आभार मानण्याचा प्रसंग क्वचितच येतो. मला मात्र तेथूनच सुरुवात करायची आहे. आम्हाला मोगरा हवा होता. मोगऱ्याचा खरा बहर उन्हाळ्यातला, माघात जो मिळतो तो लांबून आलेला, महाग आणि हाती येईपर्यंत मलूल झालेला असतो, असे सांगून तुम्ही तो मागवून द्यायला साफ नकार दिलात. जरबेरा आणून देणे तुम्हाला अवघड नव्हते, पण त्याचा लवदार, मऊ देठ खोल पाण्यात बुडाला की सडू लागतो आणि पाणी उथळ ठेवावे तर सतत पाहत राहावे लागते, आणि लग्नघरात फुलांचे पाणी पाहत बसायला कोण मोकळे असते, हा तुमचा प्रश्न बिनतोड होता. झेंडू तुम्ही दाराच्या तोरणापुरता दिलात. निशिगंधाची तर मोजदादच केलीत: एका टेबलाला एक काडी, तीही खालच्या दोन-तीन कळ्या उमललेली, कारण ही काडी खालून वर उमलत जाते आणि बेताची उमललेली आणली तर जेवणाच्या वेळेला ऐन भरात येते. एकाहून जास्त काड्या ठेवल्या तर वरणभाताला निशिगंधाचा वास येईल, हे तुम्ही हसत सांगितलेत. पण ज्यांनी सुवासिक फुलांच्या ढिगाशेजारी बसून जेवण केले आहे, त्यांना त्यातले तथ्य कळेल.

भर शेवंतीवर द्यायचा, हा तुमचाच निर्णय. दिवस लहान आणि रात्र मोठी होऊ लागली की शेवंती कळ्या धरते, त्यामुळे दिवाळीच्या सुमारापासून थंडी सरेपर्यंत ती जवळपासच्या मळ्यांतून ताजी मिळते, आणि देठ पाण्यात असतील तर दिवसच्या दिवस मान टाकत नाही. पांढरी आणि पिवळी एवढ्या दोनच जाती तुम्ही घ्यायला लावल्यात. 'बाकीचं रानातून आणा,' या तुमच्या वाक्याने मात्र आम्ही गोंधळलो, कारण रानातून लग्नाच्या टेबलासाठी काय आणायचे, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आले नव्हते.

केज तालुक्यात आमच्या चुलत्यांचे रान आहे. तेथे रब्बीची ज्वारी उभी होती आणि जनावरे आत शिरू नयेत म्हणून जुन्या रीतीने बांधाकडेने करडईची तासे धरलेली होती. करडई 'परभणी कुसुम' जातीची, म्हणजे परभणीच्या कृषी विद्यापीठाने दिलेली, आणि उशिरा पेरल्यामुळे माघातही फुलावर होती. करडईचे फूल आधी पिवळे असते आणि मग केशरी-तांबड्याकडे झुकते. वाळले तरी रंग फारसा उडत नाही, म्हणून परदेशांत फुलांच्या बाजारात ती सुकवूनही विकतात. आमच्याकडे तेल गाळण्यापलीकडे तिच्याकडे कुणी पाहत नाही, आणि तिचा पेराही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. तुम्ही मात्र काटे कसे काढायचे ते हातात काडी धरून दाखवलेत: जाड फडके तळहाताला गुंडाळायचे, फुलाजवळ चिमटीत धरायचे आणि देठावरून खाली एकदाच ओढायचे, म्हणजे काटेरी पाने फडक्यात येतात आणि देठ मोकळा होतो. आणि बजावलेत की बाकीच्या फुलांवर पाणी शिंपडा, करडईवर शिंपडू नका, कारण तिच्या पाकळ्यांतला पिवळा रंग पाण्यात उतरतो आणि पांढऱ्या चादरीवर डाग पडतो. पूर्वी याच पाकळ्यांपासून कापड रंगवत असत, तेव्हा ही भीती काही काल्पनिक नाही.

ज्वारीची कणसे निवडतानाही तुमची अट होती. हुरड्यातले हिरवे कणीस दिसायला सुंदर, पण तोडले की काही वेळात लवते. दाणा टणक झालेले घेतले तर ते दिवसभर ताठ उभे राहते. चुलत्यांनी अशी कणसे स्वतः निवडून दिली, आणि शेतातले पीक टेबलावर मांडायला निघालेल्या पुतण्यांकडे पाहून जे बोलले ते येथे लिहिण्यासारखे नाही.

भांड्यांचा विचार तुम्ही आमच्या आईच्या मांडणीकडे पाहून केलात. काचेची भांडी भाड्याने आणण्याऐवजी नातेवाइकांकडून पितळी तांबे गोळा करायला सांगितलेत, कारण तांब्याचे तोंड अरुंद आणि पोट मोठे, पाऊण भरला की तळाला वजन येते आणि पोराचा धक्का लागला तरी सहसा कलंडत नाही. प्रत्येक तांब्यावर कुणाच्या ना कुणाच्या आजीचे नाव आणि गाव कोरलेले होते, त्यामुळे तो परत कोणत्या घरी जायचा हे लिहून ठेवावे लागले नाही. फुले उभी राहावीत म्हणून तांब्याच्या तोंडात काय घालायचे, हा प्रश्न उरला होता. सजावटवाल्यांकडचा तो हिरवा फोम 1954 मध्ये अमेरिकेत निघालेला, फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचा. तो एकदा वापरला की कचऱ्यात जातो आणि मातीत कुजत नाही. तुम्ही त्याऐवजी तुराट्या मागितल्यात. तूर नुकतीच निघालेली असल्याने त्या आमच्याकडे ढिगाने पडल्या होत्या. बोटभर लांबीचे तुकडे करून, तांब्याच्या गळ्याच्या मापाहून किंचित मोठे ठेवून, एकावर एक आडवेतिडवे दाबून बसवले की चार-पाच खाने तयार होतात आणि प्रत्येक देठाला आपापली जागा मिळते. हे तुम्ही बोलता बोलता दोन मिनिटांत करून दाखवलेत आणि तांब्या उलटा करून हलवलात. एकही काडी पडली नाही.

आदल्या संध्याकाळचे काम मला अगदी बारकाव्यानिशी आठवते, कारण त्यात तुम्ही कुणाचेच ऐकले नाहीत. बादल्या आधी घासून घेतल्या, आणि मग शेवंतीचे देठ पाण्याखाली बुडवून, धारदार सुरीने तिरपे कापायला लावलेत. देठ हवेत कापला तर आतल्या बारीक नळ्यांत हवा शिरते आणि पाणी वर चढायला अडथळा होतो; तिरपा कापला तर तो बादलीच्या तळाशी चिकटून बंद होत नाही. पाण्यात बुडणारी पाने सगळी ओरबाडून काढली, कारण ती कुजली की पाणी नासते. वहिनींनी पाण्यात साखर घालण्याचा आग्रह धरला, तेव्हा तुम्ही साखर नाकारली नाहीत, पण तिच्याबरोबर लिंबू पिळायला लावलेत. नुसत्या साखरेवर फुलाआधी जंतूच पोसतात.

रात्रीच्या जागेबद्दल तर तुमचे बरोबर होतेच. आजोबांच्या जुन्या घरातली माळवदाची खोली थंड आणि अंधारी असल्याने आम्ही तिचाच विचार केला होता, परंतु तेथे केळीचे घड आणि पेरूच्या टोपल्या ठेवलेल्या पाहून तुम्ही उंबऱ्यातच थांबलात. 'एक तर फळं राहतील, न्हाई तर फुलं,' एवढेच म्हणालात. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि पुष्कळ फुले त्याने लवकर कोमेजतात, हे शास्त्र मला नंतर वाचून कळले. तुम्हाला ते दुकानातल्या अनुभवाने केव्हाच ठाऊक होते. फळे ओसरीवर गेली, दाराला ओले गोणपाट लागले, आणि पंखा लावायचा नाही अशी ताकीद पोरांना मिळाली.

लग्नाचा दिवस शुक्रवार होता. मंगळवार आणि शुक्रवार म्हणजे देवीच्या दर्शनाला गर्दी, ओट्या भरायला आलेल्या बायका, आणि तुमच्या धंद्याचा हात सोडता न येण्याचा दिवस. तरीही सकाळची गर्दी ओसरताच नातीला दुकानावर बसवून तुम्ही कार्यालयात आलात. तोवर आम्ही तांबे भरले होते, आणि हौसेपोटी गच्च भरले होते. तुम्ही एका खुर्चीवर बसलात, कोपर टेबलावर टेकवलेत, मूठ हनुवटीजवळ उभी धरलीत आणि सांगितलेत की फुलांचा शेंडा या मुठीच्या वर जाता कामा नये. समोरासमोर बसलेल्या व्याह्यांना एकमेकांची तोंडे दिसली पाहिजेत, नाही तर उद्या तेवढेच निमित्त होईल. मग प्रत्येक तांब्यातून काही ना काही उपसले गेले. मोठ्या वहिनींच्या तांब्यातून तर तुम्ही निम्मी शेवंती काढलीत, ज्वारीचे एक कणीस बाहेरच्या बाजूला झुकवलेत, करडईची तीन बोंडे तोंडाशी आणलीत आणि निशिगंधाची काडी मधोमध न ठेवता कडेला खोचलीत. वहिनी क्षणभर रुसल्या. नंतर त्याच तांब्याचे फोटो त्यांनी सर्वांत जास्त काढले.

पैशांचे मात्र बोलले पाहिजे. तुम्ही फुलांचा रोजचाच भाव लावलात आणि सल्ल्याचे, येण्याजाण्याचे, बुडालेल्या विक्रीचे काही घेतले नाहीत. साडी दिली तीही नातीसाठी म्हणून ठेवून घेतलीत. गजऱ्यामागे पाच रुपये कमी करायला लावणारी माणसे सजावटवाल्याला हजारोंची रक्कम विनातक्रार मोजतात, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे, आणि त्या माणसांत आमचे घरही मोडत होते. हातच्या कौशल्याला दुकानाची पाटी नसली की त्याचा मोबदला ठरत नाही, ही रीत मला चुकीची वाटते. त्यामुळे यापुढे आमच्या घरच्या कोणत्याही कार्यात तुमची मजुरी फुलांच्या बिलापासून वेगळी आणि आधी दिली जाईल, हे मी वडिलांच्या संमतीने येथे लिहीत आहे. नकार देऊ नये, ही विनंती.

तांबे आपापल्या घरी पोहोचले. कणसे चुलत्यांकडे परत गेली, त्यांचा राग गेला. करडई आईने ओसरीच्या खुंटीला उलटी टांगून ठेवली आहे. वैशाखात चुलत भावाचे लग्न धरले आहे. तेव्हा शेवंती नसेल, ऊन मात्र भरपूर असेल. मोगऱ्याला तुम्ही त्या वेळी हरकत घेणार नाही असे गृहीत धरून मी तुराट्यांचा एक भारा बाजूला काढून ठेवला आहे. बाकीचे काय घ्यायचे आणि काय घ्यायचे नाही, ते विचारायला येत्या आठवड्यात मंगळवार-शुक्रवार सोडून येते.

आपली कृतज्ञ,
नवरीची थोरली बहीण