आप्पा, ते कॅल्क्युलेटर तुम्ही माझ्याकडे फिरवलंत

आदरणीय आप्पा,
सा. न. वि. वि.

तुमचा फोन फक्त हिरवं बटण दाबण्यापुरता, त्यामुळे हे पत्र तुमच्यापर्यंत तुमच्या नातवाच्या तोंडूनच पोचणार. चौथीत आहे, जोडाक्षरांवर अडखळतो, पण वाचेल. लाजायला लागला तर सांगा, बाईंनी गृहपाठ दिलाय. सगळ्यांदेखत लिहितेय, कारण समोर येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. मागच्या वेळी मी तोंड उघडायच्या आत 'ऑइल कधी बदललं?' म्हणालात आणि पिशवी उचलून चालू लागलात.

गाडी दारात येऊन दीड महिना झाला. अजून सकाळी कुलूप लावून बाहेर पडताना एकदा वळून बघते. पण ही गाडी यायच्या आधीचे चार महिने मला कुणी कसं वागवलं, ते सांगितल्याशिवाय तुमचं काय ते लोकांना कळायचं नाही.

पैसे माझे. थोडे साठवलेले, बाकी पतपेढीचं कर्ज, हप्ता माझ्या पगारातून कापला जातो. यजमान सुरतेला, पंधरा दिवसांनी एकदा येतात. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी, यावलकडे निघाले, तेव्हा त्यांनाही सोबत घेतलं होतं. चोपड्याच्या स्टँडवर दुसरी गाडी पकडताना त्यांचा पाय एसटीच्या पायरीवर चढेना. मागे माणसांचा रेटा, खांद्यावर मुलगी, आणि कंडक्टरने आणि मी मिळून त्यांना अक्षरशः पोत्यासारखं वर घेतलं. त्या काही बोलल्या नाहीत. घरी परतल्यावर एवढंच म्हणाल्या, 'मी आता कुठे येणार नाही.' त्या दिवशी गाडी घ्यायचं ठरलं.

जळगावच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात गेले. पहिला प्रश्न, 'साहेब नाही आले?' दुसरं वाक्य, 'मॅडम, लाल रंग तुम्हाला छान दिसेल.' मी गाडी घ्यायला गेले होते की पैठणी? भाव विचारला तर ४ लाख ६० हजार, आणि वर १८ टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे आणखी ८२ हजार ८०० रुपये. मी वहीत लिहूनसुद्धा घेतलं, मास्तरीण ना. घरी आल्यावर आमच्या शाळेतल्या एका मॅडमचा भाऊ सीएकडे कामाला आहे, त्याला विचारलं. तो हसायलाच लागला. जुन्या गाडीवर २०२५च्या जानेवारीपासून १८ टक्के झाले हे खरं, पण ते दुकानदाराच्या फायद्यावर, त्याने घेतली केवढ्याला आणि विकली केवढ्याला त्या फरकावर. पूर्ण किमतीवर नव्हे. परत जाऊन हे त्या माणसाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, 'मॅडम, तुम्ही फार खोलात जाताय.'

दुसरे आमच्या नात्यातलेच. 'वहिनी, तुम्ही काळजी नका करू, माझ्यावर सोडा.' सोडलं. त्यांनी एक गाडी आणली, मीटरवर ३८ हजार किलोमीटर, 'डॉक्टरची गाडी आहे, फक्त दवाखान्यात जायला-यायला.' या डॉक्टरांच्या गाड्या खानदेशात एवढ्या कुठून येतात हे मला कळलेलं नाही. मी ॲडव्हान्स द्यायला निघाले होते, तेव्हाच तुम्ही नातवाला न्यायला शाळेच्या फाटकाशी उभे होतात. मी सहज फोनवरचे फोटो दाखवले. तुम्ही चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाशी धरला आणि बराच वेळ एकाच फोटोवर थांबलात. त्यात ना बॉनेट होतं, ना सीट. पायाखालचा फोटो होता, चुकून आलेला.

'क्लचचं रबर गुळगुळीत झालंय,' तुम्ही म्हणालात. 'आणि टायर चारी नवे. ३८ हजारात? मीटर खोटा बोलतो.'

मग तुम्ही ते वाक्य बोललात, जे आता आमच्या स्टाफरूममध्ये म्हणीसारखं वापरलं जातं: 'बाई, गाडी बठीसन नही, निजीसन दखनी पडस.' मी तापीपलीकडची, आमची बोली वेगळी. तुमची अहिराणी मला कळते पूर्ण, बोलता येते अर्धीच. पण हे वाक्य मी एका झटक्यात पाठ केलं. गाडी बसून नाही, तिच्याखाली निजून बघायची.

त्या नातेवाइकांना विक्रेत्याकडून १५ हजार मिळणार होते हे पुढे कळलं. जाऊ दे. ते अजून आमच्याकडे येतात, चहा पितात, आणि गाडीकडे बघून म्हणतात, 'माझ्याकडून घेतली असती तर स्वस्त पडली असती.'

मग धुळ्याच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात आपण एसटीने गेलो. माझं बाईमाणसाचं अर्धं तिकीट, तुमचं ज्येष्ठाचं अर्धं, दोघांत मिळून एक तिकीट झालं म्हणून तुम्ही कंडक्टरला म्हणालात, 'एकच माणूस समज.' वाटेत तुम्ही मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, आकडा घरून ठरवून निघायचा, दुकानात बसून ठरवायचा नाही. दुसरी सारंगखेड्याची. लहानपणी वडिलांबरोबर दत्तजयंतीच्या यात्रेला जायचात तेव्हाची. घोडा किती का नाचवून दाखवेना, घेणारा आधी त्याचं तोंड उघडतो. 'दात दखा, मंग भाव करा.' गाडीला दात कुठे असतात, असं मी विचारलं, तर तुम्ही नुसते हसलात.

दुकानात पोचल्यावर तुम्ही खिशातला रुमाल फरशीवर अंथरला, त्यावर गुडघा टेकला आणि मला खाली बोलावलंत. टायरच्या बाजूला रबरात कोरलेले चार आकडे. १४१९. २०१९ सालचा चौदावा आठवडा. गाडी त्याच वर्षीच्या मे महिन्यातली, म्हणजे टायर कंपनीतून आलेलेच, आणि मीटरवर ४३ हजार. 'हा मीटर खरा बोलतो,' तुम्ही म्हणालात. 'पण टायर आता म्हातारे झाले. चार नवे घ्या, ते पैसे भावातून काढा.' मग डिकीतल्या सीएनजी टाकीची पट्टी. टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करावी लागते, आणि पट्टीवरची तारीख कधीच उलटून गेली होती. हे सगळं मी वहीत लिहिलं, यावेळी कामाचं.

आत बसलो. काचेचं टेबल, काचेखाली गजानन महाराजांचा फोटो आणि कुणाकुणाची व्हिजिटिंग कार्डं. मालकाने चहा सांगितला, कॅल्क्युलेटर पुढे ओढलं, टक टक टक आकडा टाकला आणि ते तुमच्यापुढे सरकवलं. मी तुमच्या शेजारी बसले होते, पर्स मांडीवर. आकडा मला तिरका दिसत होता.

तुम्ही त्याच्याकडे पाहिलंही नाही. उजव्या हाताचं पहिलं बोट, ज्याच्या नखात चाळीस वर्षांच्या गॅरेजचं काळं कायमचं बसलंय, ते कॅल्क्युलेटरच्या कोपऱ्यावर ठेवलंत आणि अर्ध्या वर्तुळात फिरवून ते माझ्यासमोर आणलंत. काचेवर करकर आवाज झाला. मग हात परत मांडीवर. एक शब्द नाही.

आप्पा, मी सतरा वर्षं नोकरी करतेय. शाळेत साठ मुलांना गप्प करते. पण पैशाच्या टेबलावर माझ्यासमोर कुणी आकडा ठेवलाय असं याआधी झालं नव्हतं. पतपेढीत कर्जाच्या सहीला गेले तेव्हाही फॉर्म यजमानांकडे आणि पेन माझ्याकडे. माहेरी वडील शेत विकताना मी चहा करत होते. तुम्ही 'हा व्यवहार बाईंचा आहे' असं म्हणाला असतात, तरी मला बरं वाटलं असतं, पण ते भाषण झालं असतं आणि मी ओशाळले असते. तुम्ही नुसतं फिरवलंत. ज्याचं आहे त्याच्याकडे.

४ लाख ४५ हजार. माझा घरून ठरवलेला आकडा वेगळा होता. मी मालकाचा पुसला, माझा ३ लाख ८५ हजार टाकला आणि मालकाकडे फिरवला. टायर सांगितले, टाकी सांगितली. मग तुम्ही बसमध्ये सांगितलेला युक्तिवाद, माझ्या तोंडून: २२ सप्टेंबर २०२५ला लहान गाड्यांचा जीएसटी २८चा १८ झाला, नवी गाडी स्वस्त झाली, मग जुनी जुन्याच भावात कशी? मालक हसला आणि पुन्हा तुमच्याकडे बघायला लागला. तुम्ही पंख्याकडे बघत होतात.

मग कुणीच बोललं नाही. बोलून झाल्यावर गप्प बसायचं, हे तुम्ही सांगितलं होतं, पण ते इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. माझ्या जिभेवर तीनदा '३ लाख ९०' येऊन गेलं. चहावर साय धरली. मालकाला फोन आला, तो बाहेर गेला, बराच वेळ बोलत राहिला. परत येऊन बसला तेव्हा कॅल्क्युलेटर आपोआप बंद पडलं होतं. पाटी कोरी. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी चालू केलं आणि तोच आकडा पुन्हा टाकला.

तेव्हा तुम्ही पहिल्यांदा चहाचा घोट घेतलात. साय बोटाने बाजूला करून.

४ लाख २ हजारांवर आलं. मला आणखी ओढायचं होतं, खरं सांगते, चटक लागली होती. तुम्ही 'आते बस' म्हणालात. वर मालकालाच म्हणालात की गाडीचं सर्व्हिसचं पुस्तक चांगलं ठेवलंय, मागच्या मालकाने जपलीय. मला तेव्हा तुमचा राग आला. आमच्या बाजूचे की त्यांच्या? परतीच्या बसमध्ये विचारलं तर म्हणालात, त्यालाही संध्याकाळी घरी जाऊन बायकोला भाव सांगायचा असतो. आणि मी भाजीवाल्या मावशींशी मेथीच्या जुडीवर दोन रुपयांसाठी घासाघीस करते, ते तुम्ही बाजारात दोनदा बघितलंय, तेही त्याच दमात काढलंत. टोपली घेऊन बसलेलीशी नाही करायची, काचेच्या टेबलामागच्याशी करायची. तेव्हापासून मेथी सांगेल त्या भावाने घेते. सासूबाईंना हे अजिबात पटलेलं नाही.

कागदपत्रांचं मी काही लिहीत नाही. ते झालं, नावावर झाली, नंबर धुळ्याचा एमएच १८च आहे.

लोकांना सगळ्यात मोठी वाटते ती दोन हजारांची गोष्ट. निघताना मालकाने पाचशेच्या चार नोटा घडी करून तुमच्या शर्टाच्या खिशात घातल्या, पार्टी आणली म्हणून. तुम्ही त्या काढून टेबलावर ठेवल्यात आणि म्हणालात, 'ह्या बाईंच्या भावातून कमी करा.' ४ लाख झाले. हे मी ज्याला सांगते तो 'असा माणूस आजच्या काळात!' म्हणतो. असेलही. पण दोन हजार कुणीही परत करू शकतो, ज्याला तेवढी लाज आहे तो. ते बोट मात्र आधीपासून तसं असावं लागतं.

आमच्या अमळनेरात चांगुलपणावर बोलायला कुणी कमी पडत नाही. साने गुरुजी इथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, म्हणून २४ डिसेंबरला त्यांची जयंती आली की मी दरवर्षी मुलांकडून भाषणं बसवून घेते. 'गुरुजींचं हृदय लोण्याहून मऊ होतं' वगैरे. मुलं टाळ्यांसाठी थांबतात, मीही थांबते. यंदा तुमच्याच नातवाने विचारलं होतं, 'बाई, सज्जन म्हंजे काय?' मी शब्दकोशातलं उत्तर दिलं. तेव्हा धुळ्याला जायचं बाकी होतं. आता विचारलं तर काय सांगेन? तुझा आजोबा कॅल्क्युलेटर कसा फिरवतो ते बघ, असं सांगितलं तर वर्गात हशा पिकेल.

गेल्या रविवारी सासूबाईंना बोरी नदीच्या पात्रापर्यंत फिरवून आणलं. दार उघडलं, त्या आधी बसल्या, मग एकेक पाय आत घेतला, स्वतः. दार लावायला मी हात पुढे केला तर म्हणाल्या, 'राहू दे, मला येतं.'

आखाजीला पंधरा दिवस उरलेत. यावेळी चोपड्याला उतरायचं नाही, सरळ यावल. पण निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही आणि काकू आमच्याकडे जेवायला यायचं आहे. खापरावरची पुरणपोळी, आमरस, आणि काकूंना आवडतं म्हणून भरीत. न्यायला मी येईन, गाडी घेऊन. पाकीट वगैरे देणार नाही, घाबरू नका. पुढच्या सीटवर तुम्ही बसायचं, आणि मी गिअर टाकताना डोळे मिटायचे नाहीत.

आणि तुम्ही विचारायच्या आत सांगते: ऑइल बदललं. स्टेपनीतली हवा काल तपासून घेतली.

तुमच्या नातवाच्या बाई
अमळनेर