रिपोर्टमधी माझे पैसे मोजू नकोस

लेस्टर
15 फेब्रुवारी 2026

प्रिय बंडू,

घरच्या हिशोबाचा तुझा रिपोर्ट मिळाला. मोबाईलवर अक्षर लई बारीक दिसत होतं म्हणून रात्री ड्युटीवरून आल्यावर लॅपटॉपवर उघडला. दिवसभर रानात राबून रात्री हे सगळं भरत बसलास याचंच मला कौतुक, ग्नूकॅश हे हिशोबाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणून काही ते सोपं नाही, मला इथं शिकताना रडू यायचं बाकी होतं. पण खालचा एकूण उत्पन्नाचा आकडा बघून अण्णा खूश झालेत असं माय फोनवर म्हणली, तर त्यांना जरा थांबव बाबा, कारण त्यातला मोठा हिस्सा उत्पन्न नाहीच.

कामून ते सांगते. इन्कम स्टेटमेंटमधी, म्हणजे उत्पन्न-खर्चाच्या रिपोर्टमधी, कोणत्याही खात्याच्या नावावर क्लिक केलं की ते खातं उघडतं आणि आत काय काय भरलंय ते दिसतं. मी 'इतर उत्पन्न' उघडलं. त्यात सोसायटीचं पीककर्ज पडलंय. बँकेत पैसे जमा झाले की तू डोळे झाकून इन्कममधी टाकायलास. अरे ते फेडायचेत! ते लायबिलिटीमधी, म्हणजे देण्यात, 'पीककर्ज' म्हणून जाईल आणि त्याचं फक्त व्याज खर्चात येईल. त्याच्याच खाली मायची एफडी मोडली ती सगळी रक्कम उत्पन्नात. मुद्दल तर आपलीच होती की, एका खिशातून दुसऱ्या खिशात आली, उत्पन्न काय ते व्याज तेवढंच. आणि उरलेलं सोयाबीन वखारीत तारण ठेवायचं म्हणत होतास ना, बाजार समितीच्या तारण योजनेत मालाच्या किंमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 6 टक्के व्याजानं मिळते, ती पण कर्जच धर, माल विकेपर्यंत सोयाबीनच्या खात्यात एक रुपया टाकू नकोस.

आता मोंढ्यातल्या सोयाबीन विक्रीची पट्टी. तू फोटो पाठवलास ते बरं केलंस. 20 क्विंटल, भाव 4200, म्हणजे 84,000. हमाली-तोलाई 700 गेली, आडत्याकडून पेरणीला उचललेले 10,000 त्यानं तिथंच कापून घेतले, खात्यात आले 73,300, आणि तू उत्पन्न लिहिलंस 73,300. मग सोयाबीननं यंदा किती दिलं हे तुला कधीच कळणार नाही. नोंद करताना वरचं स्प्लिट बटण दाब, एकाच व्यवहाराखाली हव्या तेवढ्या ओळी येतात. सोयाबीन उत्पन्न 84,000, हमाली खर्च 700, आडत्याची उचल फेडली 10,000, बँक 73,300. दोन्ही बाजू जुळल्या की झालं, नाही जुळल्या तर ते 'इम्बॅलन्स' नावाचं खातं आपोआप काढून ठेवतं, ते दिसलं की समजायचं कुठंतरी घोळ आहे. (तुझ्या रिपोर्टमधी ते दिसायलंय बरं का, पण ते आपण फोनवर बघू.) दुधाचंही असंच कर, डेअरीवाला बिलातून पेंडीचे पैसे कापून देतो, तर पूर्ण बिल उत्पन्नात आणि पेंड खर्चात. नाहीतर म्हैस परवडती का नाही यावर तुम्ही दोघं जन्मभर भांडत बसाल.

दूध शेतीच्या आत घातलंस ते पण बाहेर काढ. शेतीच्या उत्पन्नाला इन्कमटॅक्स नाही, पण दुधाचं उत्पन्न त्यात धरत नाहीत, सीएला दोन्ही वेगळेच द्यावे लागतात. सरकारी पैशाचं तिसरं खातं कर, पीएम किसानचे 6,000 आणि नमो शेतकरी योजनेचे 6,000 एकाखाली, आणि अतिवृष्टीचं अनुदान वेगळं. सप्टेंबरच्या पाण्यानं जे झालं ते दरसाल होऊ नये म्हणूनच आपण देवाला हात जोडतो, मग ते पैसे दरसालच्या कमाईत कसे धरायचे?

आता माझे पैसे. तुला राग येईल पण लिहितेच. मी दर महिन्याला पाठवते ते तू 'घरचं उत्पन्न' मधी घातलेत, सोयाबीनच्या शेजारी. ते तिथं नकोत. कर्ज म्हणूनही टाकू नकोस, मला परत नकोयत, उगं भांडणाला कारण. बहिणीनं दिलेल्या पैशावर तुला टॅक्स लागत नाही त्यामुळं तीही काळजी नाही. इन्कममधीच 'आक्काकडून' असं खातं काढ, आणि रिपोर्ट उघडला की ऑप्शन्स मधी जाऊन अकाउंट्सच्या टॅबमधी तेवढ्या एका खात्याची निवड काढून टाक. नोंद राहती, रिपोर्टमधी येत नाही. मला बघायचंय की मी पाठवायचं बंद केलं तर ते घर आणि ती साडेचार एकर स्वतःच्या पायावर उभी राहतात का नाही. आकडा कमी येईल, कदाचित उणे येईल, तरी मला तोच पाहिजे, कारण इथला माझा नोकरीचा करार पुढं वाढंल का नाही ते अजून कुणी सांगत नाही, आणि तुम्ही माझ्या भरवशावर विहिरीचं काम काढायला निघालात.

तारखेचं सांगायचं राहिलं. तू जानेवारी ते डिसेंबर काढलायस, त्याचा आपल्याला काहीच उपयोग नाही. दोन रिपोर्ट काढ. एक सीएसाठी, 1 एप्रिल ते 31 मार्च. दुसरा आपल्यासाठी, पाडवा ते पाडवा, कारण सालगड्याचं साल पाडव्यालाच ठरतं आणि उचल तेव्हाच द्यावी लागती. ऑप्शन्समधी जनरलच्या टॅबवर स्टार्ट डेट 30 मार्च 2025 टाक, एंड डेट 18 मार्च 2026, यंदा पाडवा 19 ला आहे. इथं तर आणखीनच गंमत, ह्या इंग्रजांचं टॅक्सचं वर्ष 6 एप्रिलला सुरू होतं. पूर्वी ह्यांचं नवीन वर्ष 25 मार्चला धरायचे, आपल्या पाडव्याच्याच आसपास, मग 1752 साली कॅलेंडर बदललं, 11 दिवस गाळले, आणि हिशोबाचं वर्ष सरकत सरकत तिथं जाऊन अडकलं ते आजपर्यंत. म्हणजे आपलेच लोक जुन्या तिथीला धरून बसतात असं काही नाही.

एकदा तारखा आणि खाती बसवलीस की सेव्ह कॉन्फिग कर आणि नाव दे 'पाडवा'. पुढच्या वर्षी फक्त तारखा बदलायच्या.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. सगळा रिपोर्ट दोनदा बघितला, सुरेखाच्या शिलाईचा एक रुपया नाही त्यात! दिवाळीत आणि लग्नसराईत तिची मशीन रात्री बारापर्यंत चालती हे मला इथं बसून माहीत आहे, तुला घरात राहून माहीत नाही? मी तिला विचारलं तर म्हणती ते पैसे बँकेत जातच नाहीत ताई, किराण्यात आणि पोरांच्या फीमधी जिरतात. म्हणजे तुझ्या रिपोर्टमधी किराणा कमी दिसतो तो स्वस्ताईमुळं नाही, तिनं भरला म्हणून. तिचं वहीतलं रोजचं टिपण घे, उत्पन्नात 'शिलाई' आणि समोर थेट किराणा, बँक मधी आणायची गरजच नाही. सोयाबीनच्या अर्ध्यापर्यंत जरी ते गेलं तरी मला नवल वाटणार नाही. आणि भरायला तिलाच बसव, ती तुझ्यापेक्षा नीट भरंल.

फाईलची कॉपी पेनड्राईव्हवर ठेवत जा, तुमच्याकडं लाईटीचा काही भरवसा नाही. नवीन रिपोर्ट पाडव्याच्या आधी पाठव, सालगड्याशी बोलायच्या आधी मला फोन कर, आणि विहिरीवाल्याला तोपर्यंत इसार देऊ नकोस. मायला म्हणाव गुडघ्याचं तेल कुरिअरनं नको, इकडं येणाऱ्या कुणासोबतही पाठवू नका, इथं मिळतं. अण्णांना नमस्कार, पोरांना पापा.

तुझी
आक्का