साहेबांच्या गाडीला सवलत, माझ्या पासावर कर: अर्थमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली

महोदया, सादर नमस्कार.

उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून मी सांगतेय आणि मुलगी टाइप करतेय. हिंजवडीच्या वाटेवर पावसात स्कूटर घसरली. घेऊन तीनच महिने झाले होते. हौसेने घेतली नव्हती. कंपनीने बस बंद केली म्हणून घेतली.

नऊ वर्षं मी त्या बसने गेले. सकाळी सव्वासातला ती वडगाव पुलाखाली यायची. कुणी धापा टाकत येताना दिसलं की चालककाका मिनिटभर थांबायचे. परतीच्या वाटेवर माझे मटार सोलून व्हायचे. आता त्या बसऐवजी पगारात 2,000 रुपये प्रवासभत्ता येतो. बसमध्ये आम्ही अडतीस जण होतो. आज त्यातले एकवीस दुचाकीवर आहेत, नऊ जण आपापल्या कारमध्ये, सहा जण पीएमपीला, म्हणजे पुण्याच्या शहर बसला, लटकून, आणि दोघींनी नोकरीच सोडली. गाड्या घ्या असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. बस गेली, पार्किंग फुकट राहिलं, एवढं पुरलं.

मी त्याच कंपनीत पगारपत्रकं करते. त्यामुळे कराचं गणित मला कुणी समजावू नये. कंपनी घर ते ऑफिस बस देते तेव्हा तुमचा कायदा तो करपात्र लाभ धरत नाही, कर नाही. तेच पैसे पीएमपीच्या पासासाठी हातात दिले की तो पगार. माझ्या 2,000 मधून 416 रुपये कापले जातात. हा आकडा माझ्या स्लिपवर मीच टाकते. पूर्वी महिन्याला 1,600 रुपयांचा प्रवासभत्ता करमुक्त होता. 2018 च्या अर्थसंकल्पात तो गेला आणि सरसकट प्रमाणित वजावट आली, म्हणजे कर मोजण्याआधी पगारातून वजा होणारी ठरावीक रक्कम. ती सगळ्यांना सारखीच, बसने जा नाहीतर एकट्याने कार काढून जा. दिव्यांग कर्मचाऱ्यांचे 3,200 रुपये तेवढे तेव्हा राहिले, ती सवलत राहायलाच हवी.

आता साहेबांची गाडी. कंपनीची कार, पेट्रोल कंपनीचं, चालक कंपनीचा, आणि शनिवार-रविवारी ती घरच्यांसाठी. कंपनीला महिना साठ हजारांच्या खाली पडत नाही. 2025-26 च्या पत्रकात मी त्यांच्या नावापुढे लाभ म्हणून, म्हणजे ज्यावर कर लागतो ती रक्कम म्हणून, महिन्याला काय लिहिलं? 1,800 गाडीचे आणि 900 चालकाचे. 2,700 रुपये! तेव्हाचा नियमच तसा, माझी चूक नाही. पण लिहिताना हात थरथरला.

2023 च्या अर्थसंकल्पात ‘हरित विकास’ सात प्राधान्यांपैकी एक होता. ते भाषण मी घरी बसून ऐकलं, विश्वास ठेवला. दोन वर्षांनी, 1 जून 2025 ला पीएमपीचा मासिक पास 900 वरून 1,500 वर गेला. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर 2018 मधलं. ‘मेट्रो येतेच आहे’ हे कारण आमची बस बंद करतानाही सांगितलं गेलं. माणसं आज प्रवास करतात, बाई! आज त्यांना ऑफिसला पोचायचंय. दिल्लीत तुमचा ताफा निघाला की रस्ता मोकळा होतो, इथे अॅम्ब्युलन्सलाही वाट मिळत नाही. मला रिक्षाने दवाखान्यात नेलं, एवढ्याशा अंतराला पन्नास मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ मी मनगट मांडीवर धरून बसले होते. सध्या रजा बिनपगारी आहे. माझी वेणी बारावीतली मुलगी घालते, तिचा अभ्यास सोडून. हा खर्च कुठल्या रकान्यात लिहायचा?

फ्रान्समध्ये मालकाला कर्मचाऱ्याच्या पासाचे निम्मे पैसे द्यावेच लागतात. जपानमध्ये कामावर जायचा भत्ता मोठ्या मर्यादेपर्यंत करमुक्त आहे. आपल्याकडे रात्रपाळीच्या बायकांना घरापर्यंत सोडणं महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने-आस्थापना कायद्याने मालकावर बंधनकारक केलं, म्हणजे मालकाला सांगता येतं. मग दिवसपाळीच्या माणसांना का नाही? बस, लोकल, मेट्रोच्या पासाची रक्कम पावतीवर करमुक्त करा. कंपनीच्या गाडीचा लाभ खऱ्या खर्चाने मोजा. फुकट पार्किंग देणाऱ्या कंपनीला पासाचाही वाटा उचलायला लावा. तिजोरीला हे जड जाणार नाही. जड जातंय ते आम्हाला, आणि ते कुठल्याच अर्थसंकल्पात दिसत नाही, कारण तुमच्याकडे येणाऱ्या फायली पार्किंग असलेल्या माणसांनी लिहिलेल्या असतात.

पंधरा तारखेला प्लास्टर निघेल. स्कूटर विकायला काढली आहे. सोळापासून मी पीएमपीने जाणार, दोन बस बदलून, आणि 416 रुपयेही भरणार.

आपली,
पगारपत्रकं करणारी एक कर्मचारी
धायरी, पुणे